अर्ध्यावरचे विमान

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मराठी वाचक ज्या शब्दाने एका संपूर्ण वाङ्मयप्रकाराचा निर्देश करतो, तो ‘कादंबरी’ हा शब्द मुळात एका अपूर्ण राहिलेल्या ग्रंथाचे नाव आहे. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहावयास घेतली आणि ती पुरी होण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. उरलेला भाग त्याच्या मुलाने पूर्ण केला. हे आपण कवित्वाच्या अभिमानाने केले नसून, ग्रंथ अपुरा राहिल्याचे सज्जनांना होणारे दुःख पाहून केले, असे त्याने विनयाने सांगून ठेवले आहे. उत्तरभाग पूर्वभागाच्या तोडीचा झाला की नाही, हा वाद पंडितांचा. परंतु दुसऱ्याच्या हातून अर्ध्यावर राहिलेले काम पुढे नेणाऱ्याला आधी ते काम अक्षर अन् अक्षर वाचावे लागते, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

आजचा विषय मात्र ग्रंथाचा नसून विमानाचा आहे. त्यातही मोठ्या कारखान्यातील नव्हे, तर घराच्या गॅरेजमध्ये, कोठारात किंवा भाड्याच्या शेडमध्ये एखादा हौशी माणूस स्वतःच्या हातांनी बांधतो त्या विमानाचा; आणि तेही अर्धवट जुळवलेल्या अवस्थेत हाती आलेल्या संचातून, म्हणजे आज ज्याला सर्रास ‘किट’ म्हणतात त्यातून, पुरे करावयाच्या विमानाचा. ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. या विद्येचा इतिहास पाहिला तर त्याचे उत्तर आपोआप मिळते.

घरगुती विमानबांधणीचा जन्म छापील पानावर झाला. पॅरिसमध्ये राहणारा ब्राझीलचा विमानविद्यावेत्ता आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याने १९०७ ते १९०९ या काळात ‘दमोआझेल’ नावाचे चिमुकले विमान सिद्ध केले. त्याच्या सांगाड्यात चक्क बांबू होते. या विमानाचे हक्क त्याने स्वतःकडे राखले नाहीत. ज्याला हवे त्याने ते बांधावे, अशी मोकळीक दिली. १९१० साली ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकाने त्याचे आराखडे छापले आणि वाचनालयात मासिक चाळणाऱ्या माणसाला प्रथमच वाटले की, हे आपल्यालाही करता येईल. पुढे १९२०च्या दशकात शिकागोच्या एडवर्ड हीथ याने ‘पॅरासोल’ नावाचे लहान विमान सुट्या भागांच्या रूपाने विकण्यास आरंभ केला. किटची कल्पना अशी जवळजवळ शंभर वर्षांची जुनी आहे. हीथ स्वतः १९३१ मध्ये नव्या विमानाची चाचणी घेताना मरण पावला.

यापुढचा अध्याय फ्रान्समधला आहे. आंरी मीन्ये या हौशी संशोधकाने १९३४ मध्ये एक पुस्तक लिहून आपल्या ‘पू-द्यु-सिएल’ या विमानाची सगळी कृती सांगितली. पू-द्यु-सिएल म्हणजे आकाशातली ऊ. साधे खोके ठोकता येणाऱ्याला हे विमानही बांधता येईल, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुस्तक हातोहात खपले. फ्रान्स आणि इंग्लंडमधील सुतार, शिक्षक, दुकानदार कामाला लागले. मग अपघात होऊ लागले. विमान एका मर्यादेपलीकडे नाक खाली करून झेपावू लागले की, त्याला सावरण्यासाठी वैमानिक दांडी मागे ओढी आणि विमान वर येण्याऐवजी अधिकच खाली जाई. दोन्ही देशांत मोठ्या वातबोगद्यांत प्रत्यक्ष विमान ठेवून परीक्षा झाली, तेव्हा कारण सापडले. पुढचा आणि मागचा पंख एकमेकांना फार जवळ होते, आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या हवेने मागचा पंखच उचलला जात होता. १९३६ मध्ये या विमानाच्या उड्डाणांवर बंधने आली. मीन्ये लबाड नव्हता. तो स्वतः हेच विमान उडवीत असे. पुढे सुधारलेल्या रचनेची त्याची विमाने सुरक्षित उडालीही. परंतु ज्यांनी पुस्तक प्रमाण मानून त्याबरहुकूम काम केले, त्यांतल्या काहींनी त्याची किंमत प्राणांनी मोजली. छापलेले म्हणून ते खरे, या भाबडेपणाला वाचनसंस्कृतीतही जागा नसते; आकाशात तर नाहीच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला शिस्त आली. १९५३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी आणि त्याच्या मित्रांनी हौशी बांधणाऱ्यांची संघटना काढली. १९५५ मध्ये त्याने एका तांत्रिक मासिकातून लेखमाला लिहून घरगुती विमान कसे बांधावे हे हजारो वाचकांपर्यंत पोहोचवले. त्या संघटनेचा मेळावा आता दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधील ऑशकॉश या गावी भरतो. तेथे माणसे स्वतः बांधलेल्या विमानातून येतात आणि त्याच विमानाच्या पंखाखाली तंबू ठोकून राहतात. १९७०च्या दशकात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या अभियंत्याने ऑरेगन राज्यात अ‍ॅल्युमिनियमच्या विमानांची किटे विकण्यास सुरुवात केली. त्याच्या रचनेची दहा हजारांहून अधिक विमाने आजवर आकाशात गेली आहेत आणि त्यांतील बहुतेक कोणा ना कोणा व्यक्तीने स्वतः जुळवलेली आहेत.

किट म्हणजे नेमके काय? लाकडी पेट्या येतात. त्यांत कापलेले, वाकवलेले, भोके पाडलेले पत्रे, फासळ्या, कोन, हजारो रिवेट, नट-बोल्ट आणि एक जाडजूड मार्गदर्शिका असते. इंजिन, पंखा, चाके आणि उपकरणे निराळी घ्यावी लागतात. साध्या किटपासून विमान उभे करण्यास सामान्यतः दीड ते दोन हजार तासांचे श्रम लागतात. नोकरी सांभाळून रोज संध्याकाळी दोन तास दिले, तर हे दोन-तीन वर्षांचे व्रत होते. म्हणून ‘क्विक-बिल्ड’ नावाची, पंख आणि धड बऱ्याच अंशी जुळवून दिलेली किटेही मिळतात. त्यांत तासांची तिसऱ्या हिश्शाहून अधिक बचत होते. पैसे मात्र जास्त मोजावे लागतात.

प्रत्यक्ष काम वरवर सोपे, परंतु मन लावून करावयाचे आहे. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्प्रिंगच्या तात्पुरत्या खिळ्यांनी पक्के धरावयाचे. भोक अंतिम मापाचे करावयाचे. पुन्हा पत्रे सुटे करून प्रत्येक भोकाच्या काठावरची बारीक कोर घासून काढावयाची. ही कोर राहिली तर तेथूनच पुढे तडा जाण्याची भीती. मग गंजरोधक रंग, पुन्हा जुळवणी आणि शेवटी रिवेट. एका बाजूने हवेच्या दाबाची बंदूक आणि दुसऱ्या बाजूने लोखंडी ठोकळा धरून रिवेटचे टोक चेपावयाचे. चेपलेल्या डोक्याची रुंदी रिवेटच्या जाडीच्या दीडपट आणि उंची निमपट झाली पाहिजे. कमी चेपला तर सांधा ढिला, अधिक चेपला तर धातूच थकतो. चुकलेला रिवेट ड्रिलने काढून नवा बसवावा लागतो. पहिल्या पाच-पन्नास रिवेटांतले बरेचसे असेच काढावे लागतात आणि बांधणाऱ्याचे खरे शिक्षण तेथे सुरू होते.

बहुसंख्य बांधणारे ज्याच्या नावाने कपाळाला हात लावतात, तो भाग इंधनाच्या टाकीचा. पुष्कळ विमानांत पंखाचा पुढचा भाग हीच टाकी असते. तिचा प्रत्येक सांधा डांबरासारख्या चिकट लुकणाने भरावा लागतो आणि ते लुकण हाताला, कपड्याला, दाराच्या कडीलासुद्धा लागते. टाकी तयार झाली की तिची सर्व तोंडे बंद करून एका तोंडाला साधा रबरी फुगा बांधतात आणि आत किंचित हवा भरतात. दुसऱ्या दिवशीही फुगा ताठ असला तर टाकी धड. जत्रेतल्या पोराच्या हातातली वस्तू येथे विमानाची परीक्षा घेते.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळावयाचे. अमेरिकेच्या नियमानुसार, विमानाच्या बांधणीचा मोठा हिस्सा केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी काम करणाऱ्या व्यक्तींनी केलेला असला, तरच ते ‘हौशी बांधणीचे’ म्हणून नोंदले जाते. बोलीभाषेत याला ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’ म्हणतात. हे टक्के वजनाचे नाहीत, पैशाचे नाहीत आणि तासांचेही नाहीत. ते कामांचे आहेत. कोणकोणत्या भागांची घडण आणि जुळणी बांधणाऱ्याने स्वतः केली, याची यादी तपासली जाते. बैठकीचे कापड शिवले वा बाहेरून सुंदर रंग दिला, तर ते या हिशेबात धरले जात नाही. पैसे देऊन कारागिराकडून करून घेतलेले कामही धरले जात नाही. कारखान्याने किती जुळवून द्यावे, यावर या नियमाने आपोआप मर्यादा येते.

या नियमाचा रोख कागदोपत्री सोपस्कारापुरता नाही. ज्याने पंखाची फासळी न् फासळी हाताळली आहे, त्याला पुढे एखादा आवाज बदलला, एखादा रिवेट काळवंडला, तर त्याचा अर्थ कळतो, ही त्यामागची श्रद्धा आहे. म्हणूनच विमान पूर्ण झाल्यावर त्याच्या वार्षिक तपासणीचा परवाना मुख्य बांधणाऱ्याला त्या एका विमानापुरता मिळू शकतो. तो माणूस अभियंता नसेल, शेतकरी असेल, दंतवैद्य असेल, तरीही मिळतो. पण तेच विमान त्याने विकले, तर परवाना विमानाबरोबर जात नाही. नव्या मालकासाठी ही तपासणी परवानाधारक यंत्रज्ञ करू शकतो, किंवा तो मूळ बांधणारा. विमान विकत घेता येते, ते बांधताना आलेले ज्ञान विकत घेता येत नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

परंतु सगळी किटे पहिल्याच हातून पुरी होत नाहीत. कोणाची नोकरी जाते, कोणाचे डोळे अधू होतात, कोणाच्या संसारात फाटाफूट होते, कोणी मृत्यू पावतो. मग शेपूट तयार, एक पंख तयार, दुसरा पंख पेटीत, अशा अवस्थेत ते विमान दुसऱ्याकडे जाते. नियमाची त्याला आडकाठी नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोघेही हौशी असतील, तर दोघांचे काम एकत्र धरले जाते. त्यासाठी आधीच्याची नोंदवही आणि छायाचित्रे लागतात. कोणत्या तारखेस कोणता भाग केला, काय चुकले, कसे दुरुस्त केले, याची प्रामाणिक वही नसेल, तर चांगल्या कामाचीही किंमत उतरते.

असे अर्ध्यावरचे विमान घेणारा पुष्कळदा एका मोहात सापडतो. निम्मे झालेच आहे, उरलेले निम्मे आपण करू, असे त्याला वाटते. जाणते लोक त्याला उलटे सांगतात. आधी झालेले सगळे पुन्हा पाहा. रिवेट मोजपट्टीने तपासा. बंद झालेल्या पोकळीत आरसा आणि दिवा घालून बघा. टाकीला पुन्हा फुगा बांधा. रबरी नळ्या पडून पडून कडक झाल्या असतील, त्या बदला. इंजिन वर्षानुवर्षे न फिरता ठेवले असेल, तर आतून गंजले आहे का, हे उघडून पाहा. मधल्या काळात कारखान्याने काढलेल्या सुधारणांच्या सूचना शोधून वाचा. शंका आली तर तो भाग टाकून नवा करा. पहिल्याच्या श्रमांबद्दल आदर बाळगूनही त्याच्या कामावर विश्वास ठेवावयाचा नाही, ही वृत्ती साधणे कठीण असते. कारखान्यातून आलेल्या भागांनाही हेच लागू आहे. २०२३ मध्ये एका नामवंत किट-उत्पादकाने लेझरने कापलेल्या भोकांचे भाग पाठविले होते. रिवेटसाठी त्या भोकांच्या कडा दाबताना बारीक तडे जातात, ही गोष्ट घराघरांतील बांधणाऱ्यांच्या नजरेस आली आणि पुष्कळ भाग बदलावे लागले. ते तडे डोळे उघडे ठेवून काम करणाऱ्यांनाच दिसले.

दुसऱ्याचे काम न वाचता उडणे काय असते, याचे एक उदाहरण जगाला ठाऊक आहे. बर्ट रुटान या विख्यात रचनाकाराचे ‘लाँग-ईझी’ नावाचे विमान आराखड्यांवरून घरी बांधता येत असे. अशाच एका विमानाच्या बांधणाऱ्याला इंधनाच्या नळ्या बैठकीच्या जागेत नको होत्या. म्हणून दोन टाक्यांमधून निवड करणारा कॉक त्याने मूळ आराखड्याप्रमाणे वैमानिकाच्या दोन पायांमध्ये न बसवता त्याच्या डाव्या खांद्यामागे बसवला. त्याच्या परीने हा विचार सुरक्षिततेचाच होता. पुढे हात बदलत ते विमान प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर याच्याकडे आले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी, विमान ताब्यात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथून उडाला. कॉकपर्यंत हात पोहोचणे अवघड आहे, हे उड्डाणापूर्वी लक्षात आले होते. इंधन किती उरले ते वळून पाहणेही सोयीचे नव्हते, म्हणून एका यंत्रज्ञाने त्याला आरसा दिला. अधिक इंधन घेण्यास त्याने नकार दिला. विमान समुद्रात कोसळले आणि तो मरण पावला.

चौकशीत असे अनुमान निघाले की, कॉक फिरविण्यासाठी मागे वळताना त्याचे लक्ष विचलित झाले आणि नकळत उजव्या पायाचा दाब सुकाणूवर पडला. इंधनाच्या तयारीतील त्याची उणीव अहवालाने सांगितली. खुणा नसलेला, अडचणीच्या जागी बसवलेला कॉक आणि या विमानाचे अपुरे प्रशिक्षण हीही सहायक कारणे म्हणून नोंदवली. डेन्व्हर काही नवशिका नव्हता; हजारो तास उडालेला वैमानिक होता. पण त्या विमानाचा हा एक विलक्षण परिच्छेद त्याच्या हाताला वळणी पडलेला नव्हता. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये घरगुती विमानांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. २०११ मधील ज्या अपघातांची तपासणी झाली, त्यांतील निम्म्याहून अधिक विमाने मालकाने स्वतः बांधलेली नव्हती, तर बांधलेली विकत घेतलेली होती, असे त्यात आढळले.

यासाठीच विमान तयार झाल्यावरही घाई चालत नाही. तिन्ही चाके तीन वजनकाट्यांवर ठेवून गुरुत्वमध्य काढतात. तो ठरलेल्या मर्यादेमागे गेला तर विमान सावरणे दुरापास्त. दांडी डावीकडे नेली असता डाव्या पंखाचा झडप वर जातो ना, हे दुसऱ्या माणसाला बाहेर उभे करून पुन्हा पुन्हा पाहतात. कारण उलट्या जोडलेल्या तारांनी अनुभवी माणसांचेही प्राण घेतले आहेत. अमेरिकेत त्यानंतर साधारणतः २५ ते ४० तास वस्तीपासून दूर, प्रवासी न घेता चाचणीची उड्डाणे करावी लागतात. विमानात प्रवाशाला दिसेल अशी पाटी लावावी लागते की, हे विमान हौशी बांधणीचे असून प्रमाणित विमानांच्या सुरक्षानियमांत बसत नाही. स्वतःच्या बायकामुलांना नेण्यापूर्वी बांधणारा ती पाटी स्वतःच्या हाताने चिकटवतो.

आपल्याकडे काय? मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, राहत्या इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव या मराठी वैमानिकाने विमान बांधले, ही हकीकत वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. ते किट नव्हते. स्वतःच्या रचनेचे सहा आसनी विमान होते. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. नोंदणी मिळाली २०१७ च्या अखेरीस आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये. पत्रा वाकवण्यापेक्षा कागद हलवण्यास अधिक काळ गेला, असे कोणास वाटल्यास नवल नाही. परंतु शासनाचा केवळ दोष काढून भागणार नाही. परदेशांत हौशी बांधणाऱ्यांच्या संघटनांनी दशकानुदशके निरीक्षक तयार केले, वह्या तपासल्या, स्वतःच्या चुका स्वतः छापल्या. तेव्हा सरकारांनी त्यांच्यावर विश्वास टाकला. ही मधली फळी आपल्याकडे अजून पुरेशी उभी राहिलेली नाही.

आणि ती उभी राहण्यास बेळगावसारखे दुसरे योग्य गाव कोणते? उद्यमबागेतील ओतशाळा आणि लेथ यांवर वाढलेल्या पिढ्या या सभागृहात बसल्या आहेत. शतांश मिलिमीटर म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. येथून जवळच हत्तरगी येथील औद्योगिक वसाहतीत जगातल्या मोठ्या विमानकंपन्यांसाठी सुटे भाग तयार होतात. विमानाचे तुकडे या जिल्ह्यातून रोज बाहेर जातात. तुकडा घडविणाऱ्या हाताला संपूर्ण विमानाचे आकलन व्हावे, एवढीच इच्छा उरते. आणि त्यासाठी कारखान्याबाहेरची जागा लागते, पुस्तके लागतात, एकमेकांच्या कामाला निर्भीडपणे तपासणारी मंडळी लागतात.

श्रोतेहो, या ग्रंथालयाला शंभर वर्षे झाली. ज्यांनी ते सुरू केले, ते आज नाहीत. त्यांनी पुरे झालेले काही सुपूर्त केले नाही. दाखलनोंदीच्या वह्या, कपाटे आणि अर्धी राहिलेली यादी सुपूर्त केली. पुढच्यांनी तुटलेल्या बांधण्या पुन्हा केल्या, कसर लागलेली पाने उघडून पाहिली, चुकीच्या नोंदी खोडून नव्या केल्या. ज्यांनी हे केले, त्यांच्यामुळेच ग्रंथालय चालते राहिले. नुसता वारसा मिरवणाऱ्यांच्या हाती आलेल्या किती संस्था बंद पडल्या, हे सीमाभागातील मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको.

बाणभट्टाच्या मुलाने बापाचा ग्रंथ पुरा केला, त्या वेळी प्रथम त्याने तो वाचला असला पाहिजे. अर्ध्यावरचे विमान घेणाऱ्यानेही पहिल्या दिवशी हातोडी उचलू नये. आधीच्याची वही उघडावी, दिवा घ्यावा आणि पहिल्या रिवेटपासून सुरुवात करावी.